मॉरीनने काढलेल्या उवा

कट्टा गावच्या एसटी थांब्यावर मे महिन्यात एक बाई दिसली. अंगावर सुती साडी, आणि पदराखाली कमरेपासून छातीपर्यंत चढलेला ताठ पट्टा. तसाच पट्टा माझ्या ड्रेसखाली होता. पट्टेवाल्या बाया एकमेकींना लांबून ओळखतात, कारण आम्हाला वाकून पिशवीत बघता येत नाही. पिशवी तोंडासमोर धरावी लागते. तिने माझी पिशवी तोंडासमोर बघितली, जवळ आली आणि हळूच म्हणाली, "तुमचा पण ताच काय ओ?"

"ताच," मी म्हटलं.

"आमच्या वाडीत गॅप म्हणान सांगितला हा."

"आमच्याकडेय गॅपच."

दोघी हसलो. पट्ट्यात जास्त हसलं की बरगडीला काचतं, म्हणून थांबलो. मग तिची गाडी आली आणि ती चढली. तिचं नाव विचारायचं राहिलं. हे तिच्यासाठी लिहिते आहे असं समजा.

पाठीच्या मणक्याचा क्षय. टीबी. एकदाचं नाव लिहिलं. मणक्यातला टीबी खोकल्याच्या टीबीसारखा दुसऱ्याला लागत नाही, तरी लोक खुर्ची मागे सरकवतात, म्हणून आम्ही सगळ्या 'मणक्यात गॅप' सांगतो. गोळ्या कोणत्या, किती, ते डॉक्टर सांगतील. भीती वाटेल, हेही कोणीतरी सांगेलच. पण आजारपणात हेवा वाटतो, असा वाटतो की तोंडाची चव जाते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं मीच तेवढी नतद्रष्ट. तुम्हाला वाटत असेल तर एवढं कळू दे की तुम्ही एकट्या नाही.

बशी

आम्ही तिघं आयर्लंडला राहतो. मी, माझा नवरा सुहास आणि मुलगी तन्वी. मूळ घर कट्ट्याजवळच्या गावात. भात, काजू, थोडे आंबे. सुहासच्या थोरल्या भावाने शेती धरली आणि सुहासने झारा. गोव्यातल्या हॉटेलांतून कामं करत करत तो आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावात, तिथल्या हॉटेलात स्वयंपाकी म्हणून लागला. वर्षभराने आम्ही दोघी गेलो. तन्वी तेव्हा सहा वर्षांची होती.

लोक विचारतात, थंडीचं कसं केलंत? थंडीला कोट असतो. मला जड गेलं ते रस्त्यावरचं बोलणं. समोरून येणारं माणूस 'हाऊ आर यू' म्हणतं, आणि मी उत्तर जुळवेपर्यंत ते पुढच्या वळणावर पोचलेलं असतं. आमच्याकडे 'खंय चललंस?' विचारलं तर माणूस उत्तर ऐकायला थांबतं, नको असलं तरी थांबतं. तिकडे मी रोज अर्धं उत्तर तोंडात घेऊन घरी यायचे.

सहा महिन्यांत तन्वीची जीभ वळली. सुहासला दोस्त मिळाले. मी हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालायचे, कारण चादरी काही विचारत नाहीत. संध्याकाळी बाप-लेक कशावरून तरी खिदळत असायचे. मी विचारायचे, "काय झाला?" तन्वी म्हणायची, "तुका नाय समजाचा गो, आई." खरं होतं ते. पण दुसऱ्या दिवशी चादरी जरा जास्तच आपटल्या जायच्या.

शेजारच्या घरात मॉरीन राहायची. सत्तरीची, नवरा गेलेला, उभा जन्म शाळेची बस चालवलेली बाई. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, आणि हात असे की नारळ त्यांनीच फुटेल. आम्ही आलो त्याच आठवड्यात ती केक घेऊन आली. मी म्हटलं नको, ती म्हणाली घे. मी पुन्हा नको, ती पुन्हा घे. अगदी आमच्या वैनींसारखं, माझ्या थोरल्या जावेसारखं. शेवटी केक घेतला, आणि तिची बशी माझ्याकडे राहिली.

आता बशी रिकामी कशी परत करणार? आमच्यात असं कोणी करत नाही. काहीतरी घालून द्यायला हवं. पण काय? लाडू घालावेत तर तूप तिला चालेल का, तिखट घालावं तर बाई मरेल. आज करू, उद्या करू, असं करत ती निळ्या काठाची बशी कपाटात बसली, आणि मला मॉरीन दिसली की मी पडदा ओढायला लागले. दोन वर्षं मी एका बशीपायी शेजारणीला तोंड चुकवत होते.

त्यातच पाठ दुखायला लागली. मला वाटलं चादरींमुळे. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, व्यायाम सांगितले. संध्याकाळी अंगात कसर येते, बारीक ताप चढतो, हे मी त्यांना सांगितलंच नाही. कसरीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं.

जा म्हणाले मी

तिकडची उन्हाळी सुट्टी म्हणजे आपला जुलै-ऑगस्ट. गेल्या वर्षी त्या सुट्टीत घरी आलो. तिसऱ्या की चौथ्या सकाळी न्हाणीत पाटावर बसले आणि उठताच येईना. पाय माझे, पण माझं ऐकेनात. वैनींनी दार ढकलून मला ओल्या अंगाने बाहेर काढलं आणि वर लुगडं टाकलं. तेव्हापासून त्या बाईपुढे माझी लाजलज्जा संपली ती संपलीच.

गोव्यातल्या हॉस्पिटलात नेलं. मशीनमध्ये घातलं, पाठीतून सुईने काहीतरी काढलं. निकालाच्या दिवशी डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की टीबी आहे, मणका पोखरलाय, पण वेळेत आलात, बरा होईल. मी आधी खूश झाले. मनात कॅन्सर धरून बसले होते ना. मग ते पुढचं बोलले. तीन महिने सपाट पडून राहायचं. उठायचं नाही, बसायचं नाही, कुशीवर वळायचं तर दुसऱ्याने लाकडासारखं वळवायचं. मग पट्टा. गोळ्या वर्षाच्या वर. विमानप्रवास मी सांगेपर्यंत नाही.

"आणि ह्यांचं?" मी सुहास आणि तन्वीकडे बघून विचारलं.

"त्यांची तपासणी करू. नीट असली तर त्यांना काय धाड भरलीय? जाऊ देत," डॉक्टर म्हणाले.

दोघंही नीट निघाली. त्याचा आनंद झाला, आणि खोटं कशाला सांगू, एक बारीकशी कळही गेली छातीतून. तन्वी दारात उभी राहून वेफर्स खात होती. तिला शाळेत जायचं होतं, सुहासला कामावर. माझं आयुष्य मागे राहणार होतं आणि त्यांचं नेहमीच्या वेळी निघणार होतं.

परतताना गाडीच्या मागच्या सीटवर मला आडवी टाकली होती. बांद्याला सुहासने चहासाठी थांबवलं. मला खिडकीतून नुसत्या तारा आणि माडांचे शेंडे दिसत होते. तो कप घेऊन आला, पडल्या पडल्या पिता येईना म्हणून बशीत ओतला, आणि मान फिरवून म्हणाला, "रवतंय मी हंयच. नोकरी गेली तर गेली."

"जा," मी म्हटलं. "तिका घेऊन जा. तिची शाळा बुडवू नको."

मीच जा म्हटलं होतं, हे पुढे सगळ्यांच्या लक्षात राहिलं, माझ्या सोडून.

वाशाला टांगलेला फोन

पडून राहणं म्हणजे आराम असं ज्यांना वाटतं त्यांनी आठवडाभर पडून बघावं. आमच्या पडवीच्या छपरात एक काचेचं कौल आहे. त्यातून येणारा उजेड सकाळी कपाटावर असतो, दुपारी माझ्या पायावर, संध्याकाळी भिंतीवर. ते माझं घड्याळ. सकाळी उपाशीपोटी गोळ्या, मग मळमळ, मग लघवी केशरी. गोळ्यांनी अंगाला आणि डोक्याला खाजही सुटायची. वैनी भांडं लावायच्या, पुसायच्या, आणि तोंडाने अखंड शिव्या. शिव्या मला नाही, कोंबड्यांना. पण भांडं हातात असताना.

"वैनी, मी तुमका खूप त्रास देतंय."

"दितंस तर दी. बरी झालंस काय माझे पाय चेप. आता गप रव."

मला सगळ्यांचा हेवा वाटायचा. वैनींच्या पाठीचा, कारण ती दिवसात शंभरदा वाकायची आणि त्यांना ते कळतही नव्हतं. बघायला येणाऱ्या बायांचा, कारण त्या 'बरा होतला गो' म्हणायच्या आणि उठून जायच्या. उठून जाता येणं ही केवढी श्रीमंती आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. एकदा एक कोंबडी पडवीत येऊन मान वळवून स्वतःची पाठ चोचीने खाजवत बसली. मी तिच्याकडे असं बघितलं की वैनी म्हणाल्या, "खातलंस की काय तिका?"

फोन छातीवर धरला की हात भरून यायचे आणि तो नाकावर पडायचा. एक दिवस भावजींनी, वैनींच्या नवऱ्याने, पडद्याची तार घेतली आणि फोन वाशाला टांगून दिला, बरोबर माझ्या तोंडावर. ते कधीच काही बोलत नाहीत. पण त्या तारेने मला माझं घर परत दिलं. आयर्लंडमधलं घर माझ्यावर उलटं लटकायला लागलं, आणि पुढे त्याच तारेला मॉरीनही लटकली.

गोलमो

तिला घरात कोणी आणली? मीच.

सुहास जाताना मी त्याच्या सामानात वैनींकडून सुका जवळा घालून घेतला होता. आम्ही गोलमो म्हणतो. चव गेली की माणूस परका होतो, असं माझं मत. एक संध्याकाळी मी पडल्या पडल्या वाशावरून सूचना देत होते. "तवो तापव. तेल नको. सुको भाज. आणखी. आणखी." सुहास मोठा हॉटेलातला स्वयंपाकी, पण घरचा गोलमो मला विचारून भाजतो. त्याच्यामागे धूर दिसायला लागला. आमच्याकडे धूर कौलांतून जातो. तिकडे तो छतावरच्या यंत्रात जातो, आणि यंत्र किंचाळतं.

मला फक्त छत दिसत होतं, धूर, आणि तन्वीचं रडं. मग एक दार आपटलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर एक मोठा हात आला, त्यात टॉवेल. मॉरीन खुर्चीवर चढून त्या यंत्राला वारा घालत होती. यंत्र गप्प झालं. तन्वीचं रडं थांबलं. "ओ पेट," म्हणजे 'अगं बाळा', असं काहीतरी ती म्हणाली, आणि तन्वी तिच्या कमरेला चिकटली. मी वर बघत पडले होते. माझ्या कमरेला चिकटायला कोणी नव्हतं.

नंतर सुहासचा फोन आला. "बरी आसा गो ती बाई. शाळेनंतर तन्वीक सांभाळतंय म्हणाली, मी कामावरसून येयसर. आणि तिची ती निळी बशी कपाटात होती ना, ती दिलंय मी परत."

"काय घालून?"

"काय घालून? रिकामी."

"रिकामी?"

"मगे काय घालून देव? करपलेलो गोलमो?"

दोन वर्षं मी जी बशी राखली ती ह्याने एका मिनिटात रिकामी देऊन टाकली, आणि मॉरीनला त्याचं काहीच वाटलं नाही. मला त्याचा जास्त राग आला.

त्यानंतर रोज संध्याकाळी फोन मॉरीनच्या स्वयंपाकघरातून यायचा. मॉरीनने पीठ मळलं. मॉरीनकडे कोंबड्या आहेत. मॉरीनने रबरी बूट दिले. "मॉरीन म्हणता" हे तन्वीच्या तोंडी असं बसलं की मी मोजायचं सोडलं. मी कशी आहेस विचारलं की ती म्हणायची, "ग्रँड." पूर्वी 'बरी' म्हणायची. मी वैनींसमोर मॉरीनला 'मोरी' म्हणायला लागले. मोरी म्हणजे आमच्याकडचा तो दातांचा मासा.

दिष्ट

थंडी सुरू झाली तेव्हा तन्वीला ताप आला. फोनवर तिचं लाल तोंड दिसलं. पांघरूण मॉरीनचं, पेला मॉरीनचा, कपाळावरचा हात मॉरीनचा. तोच तो नारळफोड्या हात. मी वैनींना हाक मारली.

"वैनी, दिष्ट काढा तिची."

"फोनातसून?"

"फोनातसून."

वैनींनी मीठ-मिरच्या आणल्या, पदर खोचला आणि टांगलेल्या फोनाभोवती मूठ फिरवायला लागल्या. तिकडे तन्वी तापातही हसू दाबत होती. मॉरीन गंभीर चेहऱ्याने बघत राहिली. वैनी पुटपुटत होत्या, "आल्यागेल्याची, दारातल्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची..." तिथे मला जरा बरं वाटलं. मग त्या माझ्याकडे बघून मोठ्याने म्हणाल्या, "आवशीची."

फोन बंद झाल्यावर मी म्हटलं, "माझी कशी लागात? मी आवस तिची."

"आवशीचीच पयली लागता," वैनी म्हणाल्या, आणि मिरच्या चुलीत टाकायला गेल्या. ठसका मात्र आला नाही. ठसका आला नाही म्हणजे दिष्ट जबर, असं आम्ही मानतो. मी तोंड भिंतीकडे वळवायचं म्हटलं, पण वळवायलाही वैनीच हव्या होत्या.

उवा

आणि मग ती संध्याकाळ. फोन वाजला, वैनी तो चालू करून आत गेल्या, आणि मला तन्वीचं तोंड दिसेना. दिसली तिची मान. ती टेबलावर डोकं टेकून बसली होती, केस सगळे पुढे टाकलेले, ओले, त्यात पांढरं काहीतरी चोपडलेलं. मागून मॉरीन, नाकावर चष्मा, हातात लोखंडी दातांची बारीक फणी.

"आई, माका उवा झाल्या," तन्वी टेबलातून बोलली. "सगळ्या वर्गाक झाल्या."

मॉरीन फणी मुळापासून ओढायची, कागदावर पुसायची, आणि दाखवायची. तन्वी खिदळायची. "शी! ही बघ आई, केवढी."

बायांनो, तुम्हाला हसू येईल. येऊ दे. पण आमच्याकडे मागिलदारी, जेवणं आटपल्यावर, मांडीवर डोकं घेऊन उवा काढतात ना, ते नुसतं उवा काढणं नसतं. माझ्या आईने माझ्या काढल्या, तिथे मी ऐकलेल्या गोष्टी मला दुसरीकडे कुठे ऐकायला मिळाल्या नाहीत. तन्वीच्या मानेवर केसांच्या मुळाशी एक तीळ आहे. तो फक्त मला ठाऊक होता, आणि तिला न्हाऊ घातलेल्या वैनींना. आता मॉरीन त्याच्यावर बोट ठेवून होती. सगळं सोसलं असतं. बूट, केक, ग्रँड, सगळं. पण माझ्या पोरीच्या उवा?

मी हात वर करून फोन बंद केला. हात वर करायची मनाई होती. पाठीत चमक गेली, ती रात्रभर राहिली.

दुसऱ्या दिवशी सुहासला सांगितलं, "तन्वीक हंय आण. कट्ट्याच्या शाळेत घालतंय तिका."

"तू अजून पडून आसंस."

"पडून आसंय तरी तिच्या डोक्यात हात घालूक येता माका."

"आणतंय," तो म्हणाला. "तुका व्हया तर आणतंय. पण एकदा तिका इचार."

मी विचारलं. तन्वीने जरा विचार केला आणि म्हणाली, "मगे मॉरीन पण इली तर चलात?"

मी रडले. पाठीवर पडून रडलं की पाणी कानात जातं. वैनी पुसायला आल्या आणि खाटेच्या कडेवर बसल्या.

"तुका तिचो हेवो वाटता. वाटांदे," त्या म्हणाल्या. "माका दोन वर्सां तुझो वाटत होतो. तू थंयसून कोट घालून फोटो धाडीस. मी हंय काजूची बोंडां पिळीत आसय. एकदा तर तुझो फोटो बघलंय नि मोबाइल तांदळाच्या डब्यात टाकलंय."

"मगे?"

"मगे काय. ह्यांचो फोन इलो तेव्हा डबो वाजाक लागलो. जेवण कोणीतरी करूक व्हया होता, म्हणान उठलंय."

हेवा जातो कसा, ते वैनींनी सांगितलं नाही. कामाला लावून ठेवता येतो, एवढंच त्यातून मला समजलं.

तेल आधी की नंतर

दोन दिवसांनी फोन वाजला, आणि वाशावर एकटी मॉरीन. तन्वी नाही, सुहास नाही. तिने तो चष्मा काढला आणि सांगायला लागली. तुझ्या मुलीने मला वात आणलाय, म्हणाली. मी भांग पाडला की म्हणते आई असा पाडत नाही. वेणी घातली की म्हणते आई घट्ट घालते. ताटात भात वाढला की म्हणते आई मध्ये खळगा करते. आता मला सांग, तेल उवा काढायच्या आधी लावायचं की नंतर? कारण ती म्हणते मी उलटं केलं.

ते ऐकून मला इतका आनंद झाला की तो लपवताना दमछाक झाली. तन्वी रोज तिला माझ्या नावाने छळत होती आणि मला एका शब्दाने बोलली नव्हती. मॉरीनचे हाल मी तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावले. मजा घेत होते.

मग मी सांगायला लागले. इंग्रजी तुटकं होतं, 'बिफोर', 'आफ्टर', 'नॉट लाइक दॅट'. पण ती निघून गेली नाही. रस्त्यावर ती पुढच्या वळणावर पोचलेली असायची. आता ती तिच्या खुर्चीत बसली होती आणि मी खाटेवर. दोघींनाही कुठे जायचं नव्हतं. दोन वर्षं तिच्या शेजारी राहून जे जमलं नाही ते मला कट्ट्याजवळच्या गावात उताणी पडून जमायला लागलं. रोज थोडं. तिने विचारायचं, मी हुकूम सोडायचे. वेणी घट्ट घाल. भातात खळगा कर. ताप आला की डोक्यावर हात ठेव, कपाळावर नको. तिने एकदा विचारलं, संध्याकाळी तुझ्या अंगात ते काय येतं म्हणतेस? मी तिला 'कसर' हा शब्द शिकवला. तिच्या तोंडी तो फार वाईट वाटतो.

तन्वीला इकडे आणायचा हट्ट मी सोडला. मोठं मन वगैरे काही नाही त्यात. पोरच तिथे माझं काम करत होती, हे मला मॉरीनकडून कळलं म्हणून.

हेवा गेला नाही. मॉरीनच्या हाताखालून पोर हसली की अजून मला तसंच होतं.

मागिलदार

ठरल्या वेळी मला बसवलं. पहिल्या दिवशी जग गरगरलं, दुसऱ्या दिवशी मी पायरीपर्यंत गेले. पट्टा आला, गोळ्या चालूच. महिन्यांमागून महिने, तोच मळमळीचा सकाळचा तास. मे महिन्यात एकटी एसटीने कट्ट्याला जाऊन आले आणि ती बाई भेटली. मग डॉक्टर म्हणाले की ऑगस्टमध्ये विमानात बसायला हरकत नाही. सामान बांधायला घेतलंय. त्यात मालवणी खाजं आहे, गुळात घोळलेलं, चांगले दोन पुडे. त्या निळ्या काठाच्या बशीत घालून द्यायला. ती बशी आधी मागून घेईन आणि मग भरून देईन. रिकामी परत गेलेली बशी माझ्या हिशेबात गेलेलीच नाही.

सुहास आणि तन्वी मला न्यायला गेल्या आठवड्यात आले. तन्वी माझ्या खांद्याला लागली आहे. विमानतळावर ती माझ्याकडे धावली आणि पट्ट्याला बघून हातभर अंतरावर थांबली. कुठे धरावं ते तिला कळेना. मलाही कळेना. शेवटी तिने माझं कोपर धरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस उघडला तेव्हा मी तिला मागिलदारी पायरीवर बसवलं. माझ्याकडे आईची जुनी फणी होती. मी वरच्या पायरीवर ताठ बसले, तिचं डोकं गुडघ्यांत घेतलं आणि वर्षभराचं काम काढलं. भांग इकडून पाडला, तिकडून पाडला. तीळ होता तिथेच होता. पण उवा? एक नाही. लीखसुद्धा नाही. मॉरीनने शेत नांगरावं तसं डोकं साफ केलं होतं. मी कानामागे बघितलं, मानेवर बघितलं. एक, फक्त एक ठेवली असती माझ्यासाठी, तर काय बिघडलं असतं तिचं?

"नाय ना गावाक?" तन्वी म्हणाली. "आता तुझा बघू."

"माझ्या कशाक आसतील?"

"तू कवापासून खाजवतंस."

ती आत पळाली आणि बॅगेतून ती लोखंडी दातांची फणी घेऊन आली, कागदाचे रुमालही. मला वाकता येत नाही, म्हणून ती माझ्यामागे उंबऱ्यावर उभी राहिली. गोळ्यांची खाज म्हणून मी इतके महिने जी सोसत होते ती गोळ्यांची नव्हतीच. उशीवर पडलेल्या डोक्याला वैनींनी तेल लावलं होतं, पाणी घातलं होतं, पण फणी कोण लावणार? तन्वीने पहिल्याच ओढीला कागद माझ्यापुढे धरला. दोन होत्या. तिने परत फणी लावली, मुळापासून, सावकाश, जशी मॉरीन ओढते तशी. तिची बोटं माझ्या मानेवर टेकली होती. तेल-पाणी सोडलं तर माझ्या डोक्याला इतक्या महिन्यांत कोणी हात लावला नव्हता.

"तुका बरा जमता गो," मी म्हटलं.

"मॉरीनच्या पण मीच काढलंय. माझ्या तिका गेल्या होत्या ना."

कोंबड्या मागिलदारी चिखल उकरत होत्या. आत वैनी कोणाला तरी शिव्या देत होत्या. मला विचारायचं नव्हतं. खरंच नव्हतं.

"जास्त कोणाच्या होत्या?" मी विचारलं. "तिच्या की माझ्या?"

तन्वी थांबली. कागदाकडे बघितलं, मग माझ्या डोक्याकडे.

"तुझ्याच," ती म्हणाली. "लय जास्त. आता हलू नको."

मी हलले नाही.